फर्स्ट कम्युनियनचे सहा महिने: वसईचा दाखला, ठाण्याची हजेरी

मूल तिसरी-चौथीत आहे, नुकतंच घर बदललंय आणि नव्या चर्चच्या ऑफिसातून कागदांची यादी हातात पडलीय, अशा आई-बाबांसाठी हे लिहितेय. आमच्या मुलाचं फर्स्ट कम्युनियन 23 नोव्हेंबर 2025 ला, ख्रिस्तराजाच्या रविवारी झालं. जूनपासून तोवर जे जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं, ते सगळं इथे आहे. प्रत्येक चर्चची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा तारखा आणि पैसे तुमच्याकडे विचारून घ्या.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "म्हणजे मुंजच की हो?" बऱ्याच अंशी तसंच. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) मूल तान्हं असताना होतो, तेव्हा त्याच्या वतीने सगळं मोठेच बोलतात. पुढे कळायला लागलं की मूल स्वतः तयारी करतं, पहिल्यांदा पापनिवेदन करतं (फादरांपुढे आपली पापं सांगतं) आणि मग मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिल्यांदा ख्रिस्तशरीर (पवित्र केलेली भाकर) घेतं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागायचं. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी सातव्या वर्षाच्या आसपास मुलांना ते द्यावं असं ठरवून दिलं. कॅथलिक घरात लग्नाखालोखाल गर्दी होते ती याच दिवशी.

आम्ही मे महिन्यात वसईहून ठाण्याला आलो. माझं माहेर ठाण्यात तलावपाळीजवळ, नवऱ्याचं गाव वसईत, आणि नवं घर दोन्हींच्या मधोमध, घोडबंदर रोडला. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. थोरलीचं फर्स्ट कम्युनियन वसईत झालं तेव्हा एकही कागद लागला नव्हता. फादर, टीचर, ऑफिसातले अंकल, सगळे तिला बाळ असल्यापासून ओळखत होते. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. शिवाय वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला आणि ठाणे मुंबई महाधर्मप्रांतातच राहिलं. म्हणजे गायमुखचा घाट चढून आलं की बिशप वेगळे, धर्मशिक्षणाचं पुस्तक वेगळं, वर्गात बोलायची भाषाही वेगळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चर्चच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी अर्ध्या पानाची यादी दिली: मुलाच्या स्नानसंस्काराचा सहा महिन्यांच्या आत काढलेला दाखला, आमच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, जन्मदाखल्याची झेरॉक्स, लाइट बिल, दोन फोटो, आणि आधीच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचं पत्र, ज्यात मुलगा किती वर्षं धर्मशिक्षणाला आला ते लिहिलेलं असेल. शेवटची तारीख 30 जून. त्याआधी कुटुंबाची नोंदणी करून फॅमिली कार्ड घ्यायचं आणि त्याच्या अर्जावर आपल्या झोनच्या (चर्चने पाडलेल्या वस्तीच्या विभागाच्या) प्रमुखांची सही आणायची.

झोनच्या आंटींनी फोनवर सांगितलं, "सही देते, पण आधी घरी येऊन भेटते." त्या आल्या त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये खोके छातीपर्यंत रचलेले होते आणि बसायला दोनच खुर्च्या. सासूबाईंनी मात्र घरात पाऊल टाकल्या दिवशी, गॅसची शेगडी जोडायच्या आधी, अल्तार (घरातली वेदी) लावून घेतलं होतं. आंटींनी खोक्यांकडे पाहिलंच नाही. अल्तारासमोर उभ्या राहून एक नमो मरिया म्हटलं, सही केली आणि आम्हाला घरकामाची बाई, नळाचं काम करणारा आणि रविवारी ताजे बोंबील कुठे मिळतात, ही माहिती देऊन गेल्या. नव्या ठिकाणी आलात तर ऑफिसच्या आधी झोनच्या माणसाला फोन करा. त्यांच्याकडे कार्यालयीन वेळ नसते आणि त्यांना सगळं ठाऊक असतं.

मग वसई. घोडबंदर रोडला एखादा ट्रक बंद पडला तर दुपार तिथेच होते, म्हणून पहाटे निघालो. नवऱ्याच्या गावच्या चर्चमध्ये रजिस्टर अजून मोठ्या जाड वहीत आहे, आणि त्यातली नोंद जन्मतारखेने लावलेली नसते, स्नानसंस्काराच्या तारखेने असते. ती तारीख तुम्हाला माहीत असेल तर काम पाच मिनिटांचं. नवरा म्हणाला जुलै, मला ऑगस्ट वाटत होता. आजेसासूंना फोन केला. वय 93. त्या म्हणाल्या, "नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, रविवार होता. पाऊस एवढा की केक मांडवातून घरात आणेपर्यंत वरचा येशू वितळला." 2017 मध्ये नारळी पौर्णिमा 7 ऑगस्टला सोमवारी होती. अंकलनी 6 ऑगस्टचं पान उघडलं आणि तिसऱ्या ओळीत आमचा मुलगा. या सगळ्या प्रकरणात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: ऑफिसात रांग लावण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारावं. तारीख तिला सांगता येणार नाही कदाचित, पण त्या दिवशी कोण रुसलं होतं आणि जेवणात काय कमी पडलं, ते ती अचूक सांगते आणि त्यावरून तारीख निघते.

दाखल्यावर मुलाची तीन नावं निघाली. पहिलं सासऱ्यांचं, दुसरं संताचं, तिसरं आम्ही ठेवलेलं. जन्मदाखल्यावर आणि आधारवर फक्त तिसरं. माझ्या पोटात गोळा आला. पण यात घाबरण्यासारखं काही नसतं. जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं जुळली की चर्चला तेवढं पुरतं, आम्ही फक्त एका साध्या कागदावर "ही दोन्ही नावं एकाच मुलाची" असं लिहून सही करून दिलं. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचा. मला मिळालेल्या एका दाखल्यावर माझ्या नावापुढे दुसऱ्याच कुणाचं आडनाव टाइप झालं होतं. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून शिक्का मारून मिळालं, घरी येऊन कळलं असतं तर पुन्हा घाट. दाखल्याचे शंभर रुपये दिले, पावती घेतली.

आणखी एक. त्या जाड वहीतलं ते पान जन्मभर महत्त्वाचं राहतं. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, की त्याची नोंद स्नानसंस्काराच्या त्याच ओळीसमोर परत केली जाते, मग माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो. म्हणून चर्चचं नाव, तारीख आणि नोंदीचा क्रमांक एका वहीत उतरवून ठेवा. फोनमध्ये फोटो काढलात तरी वहीत लिहाच.

फादरांच्या पत्राला वेळ लागला. ते बाहेरगावी होते, तोवर जूनचा चौथा आठवडा आला. मी रोज हिशेब करत होते. शेवटी पत्र आलं ते आमच्या गावच्या दूधवाल्याच्या मुलाबरोबर, जो ठाण्याला कामाला येतो. 28 जूनला फाइल जमा झाली. मॅडमनी कागद मोजले, पिन मारली आणि म्हणाल्या, "मुलाला रविवारी आठच्या मिस्साला पाठवा." एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी विचारतील.

रविवारी आठला मिस्सा, नंतर नऊ ते सव्वादहा वर्ग. हजेरीचं कार्ड असतं, त्यावर मिस्साचा वेगळा शिक्का आणि वर्गाचा वेगळा. ऐंशी टक्के भरलेच पाहिजेत. पावसाळ्यात हे सोपं नाही. रिक्षा मिळत नाही, शनिवारी रात्री पाहुणे आलेले असतात, मुलाच्या शाळेच्या मित्राचा वाढदिवस नेमका रविवारी सकाळी वॉटरपार्कमध्ये असतो. आमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला दिवे बंद करायची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्या मेन स्विचलाच हात घालायच्या. लिफ्टमध्ये नवरा एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सांगत होता, "आमच्याकडे शनिवारी लोडशेडिंग असतं," आणि ते बिचारे सोसायटीच्या ऑफिसात चौकशी करून आले.

प्रार्थनांचा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहिला. वसईत तो "हे आमच्या स्वर्गातील बापा" शिकलेला, इथे वर्ग इंग्रजीत. सासूबाईंना वाटलं मुलाची प्रार्थना बदलली तर ती पोचणार कशी. माझ्या आईचं म्हणणं, "ठाण्यात दोन्ही भाषांत पोचते, मी पंचाहत्तर वर्षं पाठवतेय." मी सरळ टीचरना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "रात्री झोपताना तो ज्या भाषेत म्हणतो त्याच भाषेत पाठ करू दे. वर्गात इंग्रजीत ऐकून ऐकून येईलच." तुमच्याकडेही हा प्रश्न आला तर मनात कुढत बसू नका, जाऊन विचारा.

पाठांतराची यादी लांब होती: स्वर्गातील बापा, नमो मरिया, त्रैक्याची स्तुती, श्रद्धेचा अंगीकार, पश्चात्तापाची प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार. मी ऑफिसातून घरी येते साडेसातला. तोवर काकूंनी त्याला आपल्याकडे बसवायला सुरुवात केली होती. त्यांच्या नातवाचं अथर्वशीर्ष आणि आमच्या लेकाच्या दहा आज्ञा एकाच सतरंजीवर, एक ओळ याची, एक ओळ त्याची. दोघांनाही दोन्ही अर्धं अर्धं यायला लागलं. चौथी आज्ञा आईबापांना मान देण्याची आहे. काकू मला दारात म्हणाल्या, "तुमची चौथी आज्ञा फार आवडली मला. आमच्याकडच्या कार्ट्याकडूनही रोज म्हणवून घेतेय." गणपतीत त्यांच्याकडून एकवीस मोदकांतले सहा आमच्याकडे आले, आणि वर्गात टीचरनी "या आठवड्यात कुणी कुणावर प्रेम केलं" असं विचारल्यावर लेकाने ते सहा मोदक सांगितले.

सप्टेंबरमध्ये एक वेगळीच मदत झाली. 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतीसला संत घोषित केलं. इटलीत वाढलेला मुलगा, 2006 मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. त्याने ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट बनवली होती, आणि स्वतःचं फर्स्ट कम्युनियन सातव्या वर्षीच घेतलं होतं. टीचरनी वर्गात त्याचा फोटो दाखवला: जीन्स, पोलो टी-शर्ट, पाठीला सॅक. लेक घरी उड्या मारत आला. "मम्मी, हा संत प्लेस्टेशन खेळायचा!" सासूबाईंच्या डोळ्यांपुढचे संत म्हणजे हातात लिलीचं फूल, नजर वर. त्यांनी फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "केस तरी नीट विंचरायचे होते." मी पुढचं वाचून दाखवलं की तो प्लेस्टेशन आठवड्यातून एकच तास खेळायचा, स्वतःहून. घरात शांतता. त्या दिवसापासून आमच्याकडे गेमची वेळ हा संत ठरवतो, मला ओरडावं लागत नाही. फोटो आता अल्तारावर अंतोनी बाबाच्या शेजारी आहे.

माझ्या आईला वाटलं, एवढ्या लांबच्या संतांचं कौतुक चाललंय तर ठाण्याचं कुणी काही सांगत नाही. म्हणून एका रविवारी ती त्याला तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाजवळच्या, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेली. पोर्तुगीज काळातलं चर्च, तिचं स्वतःचं फर्स्ट कम्युनियन तिथेच झालं. तिथे तिने त्याला सांगितलं की 1321 मध्ये, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती याच ठाण्यात हुतात्मा झाले. लेकाने घरी येऊन विचारलं, "तेव्हा तलावपाळीला बोटिंग होतं का?" आई म्हणाली, "ते सोडून सगळं ऐकलंस ना, मग झालं."

5 ऑक्टोबरला, महिन्याच्या पहिल्या रविवारी, माहेरच्यांबरोबर आगेऱ्याला गेलो. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादित करून घेतात तो सण. टीचरनी मुलांना सांगून ठेवलं होतं की होस्ट, म्हणजे ख्रिस्तशरीरासाठीची ती पातळ भाकर, गव्हाचं असतं, पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. लेक लोंबी हातात धरून विचारत होता की आपण भात खाणारे, तर आपलं होस्ट भाताचं का नाही. हा प्रश्न आम्ही फादरांसाठी राखून ठेवला.

ऑक्टोबर रोझरीचा, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेचा, महिना. झोनमधल्या घराघरांत रोज संध्याकाळी रोझरी फिरते आणि आमच्या घराची पाळी गुरुवारी आली. सासूबाईंनी सवयीने आनंदाची रहस्यं (जपताना मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) सुरू केली. लेक मध्येच म्हणाला, "आजी, गुरुवारी प्रकाशाची." खोली गप्प. गोष्ट अशी की पूर्वी रोझरीची रहस्यं पंधराच होती आणि गुरुवारी आनंदाचीच म्हणायची. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये प्रकाशाची पाच रहस्यं घातली आणि गुरुवार त्यांना दिला. सासूबाई म्हणाल्या, "माझा गुरुवार लहानपणापासून आनंदाचा आहे." पण मग त्याच म्हणाल्या, "तुला येतात ना? मग तूच म्हण." त्याने म्हटली. न अडखळता. दुसरं रहस्य काना नावाच्या गावातल्या लग्नाचं, पाण्याचा द्राक्षारस झाला ते. नेमकी तेव्हाच बेल वाजली आणि दारात पाण्याचे कॅन घेऊन माणूस उभा. झोनच्या आंटींनाच आधी हसू फुटलं, मग कुणालाच आवरेना. तो बिचारा कॅन आत ठेवू की नको म्हणून उभाच. पाचवं रहस्य ख्रिस्तशरीर संस्काराच्या स्थापनेचं आहे, आणि ते म्हणताना लेकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. नोव्हेंबरात आपल्याला जे मिळणार ते हेच, हे त्याला तेव्हा लागलं असावं. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी आपली आनंदाची रहस्यं एकट्याने पूर्ण केली, गुरुवार होता म्हणून.

महिन्याच्या शेवटी फादरांबरोबर मुलाखत. आई-वडील दोघांनी यायचं, म्हणून नवऱ्याने अर्धी रजा टाकली. श्रद्धेच्या अंगीकारात लेक पोंतियस पिलातापर्यंत व्यवस्थित गेला आणि तिथे थांबला. माझे तळहात ओले. फादरांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "येशू तुझ्याकडे येणार आहे. तुला त्याला काही विचारायचंय?" लेक म्हणाला, "तो मंगळवारी पण येईल का? मंगळवारी माझं फुटबॉल असतं, आमचा गोलकीपर नीट नाहीये." फादरांनी हसू न दाबता सांगितलं की येईल, पण गोल मात्र तुम्हालाच अडवावे लागतील. भाताचा प्रश्नही विचारून झाला. येशूने शेवटच्या भोजनात गव्हाची भाकर घेतली होती, म्हणून आपण तेच ठेवतो, असं उत्तर मिळालं आणि लेकाला ते पटलं. मुलाखतीला घाबरू नका, एवढंच सांगते. तिथे पाठांतरापेक्षा मूल किती मनापासून आलंय ते पाहतात.

आता पापनिवेदन. फर्स्ट कम्युनियनच्या आधी ते होणं जरुरीचं असतं. आमच्याकडे 15 नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी होतं. त्याआधीचा आठवडा घरात फार गंभीर गेला. लेकाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर यादी करायला घेतली आणि हाताने झाकून लिहायचा. एका रात्री मला विचारलं, "ताईची पापं मी सांगितली तर चालतील? ती स्वतः सांगेल असं वाटत नाही." थोरली दाराबाहेरच होती. पुढचा अर्धा तास दोघांच्याही यादीत भर पडली. मग मी दोघांना बसवून सांगितलं की ज्याचं त्यानेच सांगायचं, आणि फादर ते कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. तो त्यांच्यावरचा कडक नियम आहे. लेकाला हे फार आवडलं. "तुला पण नाही सांगणार? पपांना पण? पोलिसांना पण?" कुणालाच नाही.

टीप एवढीच की मुलांची यादी वाचू नका. मलाही मोह झाला होता, वही तिथेच पडलेली असायची. टीचरनी पालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं की यादी मुलाची आणि देवाची, झाल्यावर मुलानेच फाडून टाकायची. त्या दिवशी तो रांगेत पांढराफटक उभा होता. आत गेला, दोन-तीन मिनिटांत बाहेर आला, बाकावर गुडघे टेकून प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हटली आणि बाहेर येऊन कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "मम्मी, खूप हलकं वाटतंय," आणि तीनहात नाका येईपर्यंत रिक्षावाल्या काकांना यादीतली निम्मी पापं सांगून टाकली. रिक्षावाले म्हणाले, "बाळा, ही तर मीपण केलीत."

उपवासावरून घरात मोठी चर्चा झाली. ख्रिस्तशरीर घेण्याआधी किमान एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. हा आजचा नियम, टीचरनी चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. सासूबाईंचं फर्स्ट कम्युनियन 1962 चं, त्या म्हणाल्या तीन तास. वसईहून आजेसासूंचा फोन, त्यांचं 1940 चं: "मध्यरात्रीपासून घोटभर पाणीसुद्धा नाही." मला आधी वाटलं कुणीतरी चुकीचं सांगतंय. मग फादरांनीच उलगडून सांगितलं. मध्यरात्रीपासूनचा उपवास हाच जुना नियम होता. बारावे पायस यांनी 1953 मध्ये पाण्याची मुभा दिली आणि 1957 मध्ये तीन तासांवर आणलं. सहावे पॉल यांनी नोव्हेंबर 1964 मध्ये एक तास केला. म्हणजे तिघीही आपापल्या काळात बरोबर. मिस्सा साडेनऊची होती, ख्रिस्तशरीर सव्वादहाच्या सुमाराला मिळणार. मुलाला साडेसहाला पोहे दिले. टीचर खूश, सासूबाईही खूश. आठ वाजता आजेसासूंनी फोनवर त्यालाच विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?" आठवड्यापूर्वीच पापनिवेदन झालेलं मूल. "खाल्लं. पोहे. दोनदा." पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग, "बरं. सव्वादहापर्यंत तरी काही तोंडात टाकू नकोस, राजा."

खर्चाचं सांगते, कारण मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. चर्चला सातशे रुपये भरले. त्यात मेणबत्ती, प्रार्थनेचं पुस्तक, ग्रुप फोटो आणि मिस्सानंतरचा नाश्ता आला. आमच्या चर्चने कपडे अगदी साधे ठरवून दिले होते. मुलांना पांढरा शर्ट-पँट, मुलींना साधा पांढरा फ्रॉक आणि डोक्यावर नेट. शिवून घ्यायचे दोन हजार दोनशे झाले. शिंप्याला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कापड द्या, दिवाळीच्या गर्दीत गेलात तर वेळेवर मिळणं कठीण. आणि पँट दोन बोटं लांब ठेवायला सांगा, ही मुलं नोव्हेंबरपर्यंत वाढतात. सोसायटीचा हॉल तीन हजार. केक नवऱ्याच्या बहिणीने आणला आणि या वेळी तो पावसात सापडला नाही.

आदल्या दिवशी चर्चमध्ये सराव होता. अभिषेक न केलेलं होस्ट देऊन कसं घ्यायचं ते शिकवतात: डावा हात वर, उजवा खाली, "आमेन" म्हणायचं, बाजूला होऊन तिथेच तोंडात घालायचं, हातात घेऊन बाकापर्यंत चालत जायचं नाही. जिभेवर घेणंही चालतं आणि सासूबाईंना तेच हवं होतं. टीचरनी ते मुलांवर सोडलं. आमच्याने जिभेवर घ्यायचं ठरवलं, आजीसाठी.

त्याच संध्याकाळी माझी आई फुग्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ घेऊन मुक्कामाला आली. सकाळी सहाला तिने कढई चढवली. डाव्या हाताच्या मुठीत सैल पीठ घेते, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, ओला उजवा हात तो उचलतो आणि तेलाच्या अगदी जवळ नेऊन सोडतो. गोळा तळाशी जातो, क्षणभर दिसत नाही, मग फुगून वर येऊन आपला आपणच उलटतो. उलटला नाही तर ती पीठाला दोष देते, हाताला नाही. सासूबाई शेजारी बाटलीतल्या मसाल्याची कोंबडी परतत होत्या. मसाला माझ्या आईचा, कोंबडी सासूबाईंची, आणि मीठ कुणी घालायचं यावर दोघींनी एकमेकींना इतका मान दिला की शेवटी ते नवऱ्याने घातलं.

मिस्सामधलं फार लिहीत नाही. मुलं मेणबत्त्या घेऊन दोन-दोनच्या रांगेत आत आली. लेकाची पाळी आली तेव्हा त्याने "आमेन" इतकं मोठ्याने म्हटलं की मागच्या बाकावर काकूंनाही ऐकू आलं. त्या नवऱ्यासह आल्या होत्या, हिरवी नऊवारी नेसून, आणि सगळ्या आंट्यांनी त्यांना पुढे बसवायचा प्रयत्न केला तरी मागेच बसल्या. मी रडले. नवराही रडला, पण त्याने चष्मा पुसायच्या निमित्ताने उरकलं. बाकावर परत आल्यावर लेकाने गुडघे टेकून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. त्याने काय मागितलं ते मी विचारलेलं नाही. हॉलमध्ये काकूंनी नारळाच्या वड्यांचा डबा उघडला, फुगे दुपारी एकपर्यंत संपले. आजेसासूंना व्हिडिओ कॉल लावला तर त्यांना फक्त पंखा दिसत होता, तरी त्यांनी त्या पंख्यालाच आशीर्वाद दिला.

फर्स्ट कम्युनियनचं सर्टिफिकेट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून मिळालं. ते लॅमिनेट करू नका, साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कुठे शिक्का तपासायचा किंवा मागे काही लिहून द्यायचं झालं तर मूळ कागद लागतो. त्याच फोल्डरमध्ये स्नानसंस्काराचा दाखला, आमच्या लग्नाचा दाखला, फॅमिली कार्डाची झेरॉक्स आणि हजेरीचं कार्ड घातलंय. वेदीसेवक (मिस्सात फादरांना मदत करणारा मुलगा) व्हायचं तर जानेवारीपासून शनिवारी चारला शिकवणी आहे, त्याचा फॉर्म भरून दिला. थोरलीच्या दृढीकरणाची तयारी येत्या जूनमध्ये सुरू होईल आणि तिच्याही स्नानसंस्काराचा नवा दाखला वसईहून आणावा लागेल. त्यासाठी मेच्या सुट्टीतच जाऊन येणार आहोत, पाऊस पडायच्या आत.